कपाट गच्च, तरी सकाळी हाताला काही लागत नाही

प्रश्न : मी जळगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. कपाटाचं दार खांद्यानं रेटल्याशिवाय लागत नाही, इतक्या साड्या आहेत. तरी रोज सकाळी डबे भरून झाले की त्या कपाटासमोर उभी राहते आणि काय नेसावं ते सुचत नाही. बसची वेळ होते, मग नेहमीच्या चार-पाचांतलीच एक ओढते. मैत्रिणी म्हणतात, अर्ध्या साड्या काढून टाक. तेही मनाला येत नाही. एवढं असून काहीच नाही, असं का वाटतं? आणि साड्या कमी केल्या तर सकाळ खरंच सोपी होईल का?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप मिळतं, म्हणून आधी पहिला घेऊ.

‘एवढं असून काही नाही’ हा मनाचा खेळ आहे, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. तुम्ही साड्या मोजता आहात, आणि सकाळी उपयोगी पडतात त्या फक्त नेसायला तयार असलेल्या साड्या. या दोन आकड्यांत खूप अंतर असतं. साडी नेसायची म्हणजे एकच वस्तू उचलायची नसते. तिचा ब्लाउज हवा, तो अंगाला बसायला हवा, रंगाचा परकर हवा, फॉल-पिको झालेलं हवं, इस्त्री हवी. यातलं एक जरी नसलं तरी ती साडी त्या दिवसापुरती बाद. आता मनातल्या मनात तुमच्या कपाटावरून हात फिरवा. ब्लाउजपीस अजून साडीलाच जोडलेला आहे अशा किती? बाळंतपणाआधी शिवलेला ब्लाउज आता येत नाही अशा किती? फॉल लावायचा राहिला म्हणून घडीसुद्धा मोडलेली नाही अशा किती? या सगळ्या वजा केल्या की बहुधा तुमच्या त्याच चार-पाच उरतात. म्हणजे सकाळी तुमचा हात चुकत नाही. तो तयार असलेल्या साडीवरच बरोबर जातो. त्रास होतो तो तिथवर पोचताना बाकीच्या सगळ्या साड्या नजरेखालून घालाव्या लागतात त्याचा.

मग या बाकीच्या साड्या आल्या कुठून? इथे आपल्या खान्देशचा विचार करायला हवा, कारण कपडे कमी करण्याबद्दलचा जो सल्ला हल्ली सगळीकडे दिला जातो, तो खरेदीचा मोह असलेल्या माणसासाठी आहे. लंडनमधल्या सूझी फो या दुकानदार बाईंनी 1970च्या दशकात मोजक्या, एकमेकांशी जुळणाऱ्या कपड्यांच्या संचाची कल्पना मांडली, ती स्वतःचे कपडे स्वतः निवडून विकत घेणाऱ्या नोकरदार बायकांसाठी. आपल्याकडे निम्म्याहून जास्त साड्या आपण घेतलेल्याच नसतात, त्या मिळालेल्या असतात. लग्नातला मानपान, डोहाळजेवण, बारसं, वास्तुशांती, आखाजीला माहेरी गेल्यावर आईनं हातावर ठेवलेली साडी. पुरुषांच्या वाट्याला टॉवेल-टोपी आणि शर्ट-पँटचा पीस. देणाऱ्यानं रंग निवडला तो नात्याकडे बघून आणि बजेटकडे बघून. तुमच्याकडे आधी कुठला परकर आहे, हे त्याला कसं कळणार?

त्यातच सुरत आपल्याला जवळ. भुसावळ-जळगावहून धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत गाडी सरळ तिथे जाते. उधना आणि लिंबायत भागांत आपल्याकडची इतकी माणसं राहतात की लग्नाच्या याद्या दोन्हीकडून एकत्रच होतात. घाऊक भावातली सिंथेटिक साडी लग्नाच्या बस्त्यासाठी एकदम गठ्ठ्यानं आणणं त्यामुळे आपल्याला सोपं झालं. साडी स्वस्त झाली तशी आहेरात देण्याच्या साड्यांची संख्याही वाढली. मिळालेली साडी नेसायची नसली तरी टाकता येत नाही, कारण पुढच्या लग्नात तीच द्यायची असते. यात लपवण्यासारखं काही नाही, सगळ्याच घरी हे चालतं. पण याचा अर्थ असा की तुमचं कपाट एकाच वेळी तीन कामं करतं आहे. रोजचे कपडे ठेवतं, सणावाराचा ठेवा सांभाळतं आणि आहेराचं कोठारही होतं. सकाळी सात वाजता तुम्हाला यातल्या पहिल्या कामाशीच देणंघेणं असतं, आणि समोर तिन्ही एकदम उभी राहतात.

आता निवडीचा भाग. पर्याय जास्त असले की माणूस गोंधळतो, हे सांगताना जॅमच्या बाटल्यांचा एक प्रयोग नेहमी सांगितला जातो. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी तो कॅलिफोर्नियातल्या एका किराणा दुकानात केला आणि 2000 साली प्रसिद्ध केला. टेबलावर 24 प्रकारचे जॅम मांडले तेव्हा थांबणारे जास्त, पण घेणारे त्यांतले जेमतेम 3 टक्के. 6 प्रकार मांडले तेव्हा घेणारे 30 टक्के. यावरून ‘जेवढं कमी तेवढं बरं’ असा सरसकट निष्कर्ष काढला गेला, आणि तो घाईचा होता. पुढे 2010 साली अशा 50 प्रयोगांची एकत्र छाननी झाली, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. काही प्रयोगांत जास्त पर्यायांनी त्रास झाला होता, काहींत उलट फायदा. 2015च्या आणखी एका छाननीत यातली गुंतागुंत बरीच सुटली. वेळ कमी असेल, पर्यायांची एकमेकांशी तुलना अवघड असेल, आपल्याला नेमकं काय हवं ते ठरलेलं नसेल, तर जास्त पर्याय जड जातात. या अटी वाचताना जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेची सकाळच डोळ्यांपुढे येते. बस ठरलेल्या वेळेला सुटणार. ‘हिरवी नेसावी तर ब्लाउज कुठला, निळी नेसावी तर इस्त्री नाही’ अशी तुलना. आणि आज पालकसभा आहे की नाही, हेही डोक्यात.

मग मैत्रिणींचा सल्ला बरोबर की चूक? माझं मत स्पष्ट आहे. साड्या काढून टाकायची गरज नाही, वेगळ्या करायची गरज आहे. ‘टाकून दे’ म्हटलं की प्रत्येक साडीमागचं माणूस आठवतं, हात थांबतो आणि सगळं पुन्हा कपाटात जातं. ही तुमची कमजोरी समजू नका. आईनं दिलेली साडी तिची आठवण म्हणून ठेवावीशी वाटणं योग्यच आहे. ती रोजच्या कप्प्यात असायला हवी, असं मात्र नाही.

एखाद्या रविवारी दुपारी सगळ्या साड्या पलंगावर काढा. प्रत्येक साडीला ‘आवडते का’ हे विचारू नका, कारण त्याचं उत्तर ‘हो, पण’ असंच येतं. एवढंच विचारा : ही उद्या सकाळी नेसता येईल का, आणि शाळेत नेसता येईल का? दोन्हींना हो असेल तरच ती रोजच्या कप्प्यात. नाही म्हणालात, तर लगेच कारण बघा. ब्लाउज शिवायचा किंवा उसवायचा असेल तर ती पिशवीत घाला आणि पिशवी दाराशी ठेवा, म्हणजे शिंप्याकडे जाईल. फॉल राहिला असेल तरी तेच. द्यायच्या साड्या सगळ्या एका बॅगेत भरून दिवाणात किंवा माळ्यावर ठेवा, आणि कुठली कोणाकडून आली ती चिठ्ठी आत टाकून द्या. म्हणजे ज्या घरून आली त्याच घरी परत जाण्याचा प्रसंग ओढवणार नाही. पैठणी, शालू, लग्नातल्या भारी साड्या जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेवा. वर्षातून दोन-तीनदा त्यांची घडी बदला, नाहीतर जर त्याच दुमडीवर तुटते.

रोजच्या कप्प्यात किती साड्या असाव्यात? नोकरीत शनिवार धरून आठवड्याचे सहा दिवस. धुणं आणि इस्त्री आठवड्यातून एकदाच होत असेल, तर सहा नेसण्यात आणि सहा धुण्या-इस्त्रीत, म्हणून दहा-बारा. घरात दोनदा इस्त्री होत असेल तर आठही पुरतात. आकडा आपल्या धुण्याच्या चक्रावरून काढायचा असतो. ‘इतकेच कपडे ठेवा’ असं मासिकं छापतात, त्या आकड्याला आपल्या घराशी संबंध नसतो. प्रत्येक साडीच्या घडीतच तिचा ब्लाउज ठेवा. परकर मात्र वेगळे, आणि रोजच्या साड्यांना तीन-चार रंग चालून जातात. काळा, मरून, क्रीम, एखादा निळा.

यानंतरची एक गोष्ट छोटी आहे, पण मला सगळ्यात उपयोगाची तीच वाटते. इस्त्री होऊन आलेली साडी कप्प्यात डाव्या बाजूला ठेवायची आणि नेसायची ती उजव्या टोकाची. एवढा नियम पाळला की सकाळी निवड करावीच लागत नाही, रांगेतली पुढची साडी घ्यायची. पालकसभा किंवा तपासणी असेल तेव्हा खुशाल रांग मोडा. यातून आणखी एक कळतं. जी साडी तिची पाळी आली की तुम्ही दर वेळी बाजूला सरकवता, ती तुम्हाला नकोच आहे. वर्षभराचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा ही खूण खात्रीची.

तुम्ही लिहिलं नाही, पण यामागे एक भीती असते : ‘ही परवाच नेसली होती ना?’ असं कोणी म्हणेल. या भीतीवरही प्रयोग झालेला आहे. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा एका गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून वर्गात पाठवलं. निम्म्या लोकांच्या तरी तो लक्षात आला असणार, असं घालणाऱ्यांना वाटलं. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आला होता. आपल्याकडे जेवढं लक्ष आहे असं आपल्याला वाटतं, तेवढं ते नसतं. पण बाईकडे पुरुषापेक्षा जास्त असतं, हेही खरं आहे. ऑस्ट्रेलियात कार्ल स्टेफानोविक या दूरचित्रवाणी निवेदकानं जवळपास वर्षभर रोज तोच निळा सूट घातला आणि 2014 साली स्वतःच ते जाहीर केलं. प्रेक्षकांच्या ध्यानातही आलं नव्हतं. शेजारी बसणाऱ्या त्याच्या सहकारी बाईंना मात्र कपड्यांवरून सतत टोमणे यायचे, आणि तेच दाखवून द्यायचं होतं म्हणून त्यानं हे केलं होतं. तेव्हा कोणी म्हणालंच, तर दोष साडीचाही नाही आणि तुमचाही नाही. ‘हो, आवडते मला’ एवढं उत्तर पुरे.

शिक्षकांच्या पोशाखाबद्दल राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं 15 मार्च 2024 रोजी सूचना काढल्या. त्यांत बायकांना साडी, किंवा सलवार वा चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा चालतो असं म्हटलं आहे. तुमच्या शाळेत अडचण नसेल तर रोजच्या कप्प्यात दोन-तीन ड्रेस ठेवून बघा. बसमधून ये-जा करणाऱ्या बाईला त्यानं किती मोकळं वाटतं, हे जिचं तिलाच कळतं. शिवाय कुर्ता आणि सलवार वेगवेगळे जुळवता येतात. तीन कुर्ते आणि दोन सलवारी अशा निवडल्या की प्रत्येक कुर्ता प्रत्येक सलवारीवर जाईल, तर पाच कपड्यांत सहा जोड्या झाल्या. साडीत ही सोय नाही, कारण तिचा ब्लाउज बहुधा तिच्यापुरताच असतो.

प्रश्न : मी धुळ्यात नोकरी करतो. बराक ओबामा आणि स्टीव्ह जॉब्स रोज एकसारखे कपडे घालायचे, त्यामुळे मेंदूची शक्ती वाचून मोठे निर्णय घेता येतात, असं एका व्याख्यानात ऐकलं. गांधीजींचंही उदाहरण दिलं गेलं. मीही पाच पांढरे शर्ट घ्यावेत का?

उत्तर : शर्ट जरूर घ्या, पण त्या कारणासाठी घेऊ नका.

ओबामांनी 2012 साली एका मुलाखतीत आपण फक्त राखाडी किंवा निळे सूट घालतो, कारण खाण्याचे आणि कपड्यांचे निर्णय आपल्याला करायचे नाहीत, असं सांगितलं होतं, हे खरं. जॉब्सची गोष्ट जरा वेगळी. जपानमध्ये सोनी कंपनीचे कर्मचारी गणवेश घालतात हे बघून त्यांना कल्पना सुचली. कंपनीतल्या लोकांनी गणवेशाची कल्पना धुडकावली, तेव्हा इस्सेई मियाके या जपानी फॅशन डिझायनरकडून त्यांनी स्वतःपुरते काळे गळाबंद टी-शर्ट बनवून घेतले. त्यांत सोय होती आणि स्वतःची ओळखही होती.

शंका आहे ती ‘मेंदूची शक्ती संपते’ या भागाबद्दल. इच्छाशक्ती वापरली की ती खर्च होते, ही कल्पना 1998 साली रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी मांडली आणि ती फार लोकप्रिय झाली. 2016 साली वीसहून अधिक प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांवर लोकांवर तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा परिणाम जवळपास दिसलाच नाही. शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. त्यामुळे निळा शर्ट की पांढरा, हे ठरवल्यानं दुपारचा हिशेब चुकतो असं मानायला भक्कम आधार नाही. एकसारख्या कपड्यांचा फायदा याहून साधा आहे. सकाळची पाच-दहा मिनिटं वाचतात आणि शोधाशोधीत होणारी चिडचिड टळते. ती चिडचिड घरातल्या माणसांवर निघते, म्हणून ती टळणं मला मोलाचं वाटतं.

गांधीजींना मात्र या रांगेत बसवू नये. 22 सप्टेंबर 1921 रोजी मदुराईत त्यांनी सदरा-टोपी सोडून गुडघ्यापर्यंतचं धोतर स्वीकारलं, तेव्हा परदेशी कापडाच्या बहिष्काराचे दिवस होते. परदेशी कापड टाकून खादी घ्या म्हटल्यावर गरीब माणसाला तेवढी खादी परवडत नव्हती आणि मिळतही नव्हती. त्याला जेवढं शक्य आहे तेवढंच आपण घालायचं, असं त्यांनी ठरवलं. वेळ वाचवणं हा त्यात विचारच नव्हता. 1936 सालच्या डिसेंबरात ते आपल्या फैजपूरला आले, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन. तेव्हा या वेषाला पंधरा वर्षं झाली होती, आणि समोर बसलेल्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता.

याच कारणानं आपल्या आज्या-पणज्यांचं ‘अंगावर एक, दोरीवर एक’ हेही साधेपणाचा आदर्श म्हणून सांगितलं जातं तेव्हा मला अस्वस्थ वाटतं. ज्या बाईकडे दोनच लुगडी होती, तिनं ते निवडलेलं नव्हतं. पावसाळ्यात दुसरं वाळलं नाही की ओलंच नेसून ती शेतात जायची. साधेपणा म्हणजे पुरेसं असताना मोजकं वापरणं. ओढग्रस्तीला ते नाव देऊ नये.

तुमच्या शर्टांबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. पाचही पांढरे घेऊ नका. धुळ्यातली धूळ, मोटारसायकलचा प्रवास आणि घाम यांनी पांढऱ्याची कॉलर आधी पिवळी पडते, आणि सगळे पांढरे असले की कुठला जुना झाला ते कळत नाही. फिकट निळा, फिकट राखाडी, बारीक चौकडा असे घ्या, आणि पँट दोनच रंगांच्या ठेवा. कुठलाही शर्ट कुठल्याही पँटवर जायला हवा, एवढी एकच अट.

प्रश्न : भुसावळ-जळगावच्या उन्हात सुतीच घालावं असं सगळे सांगतात. पण सुती साडीला खळ आणि इस्त्रीचा व्याप, म्हणून शेवटी सिंथेटिकच नेसली जाते. कपडे कमी करायचे तर नेमके कुठले ठेवावेत?

उत्तर : आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, त्यामुळे हा प्रश्न हौसेचा नाही, तब्येतीचा आहे. घाम सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून गार वाटतं. त्यासाठी तो आधी कापडात पसरावा लागतो. शंभर ग्रॅम सुती कापड साधारण हवेतलीच आठेक ग्रॅम ओल धरून ठेवतं. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. दाट विणीच्या सिंथेटिक साडीखाली घाम अंगावरच राहतो, निऱ्यांच्या आणि कमरेच्या जागी घामोळं उठतं. तेव्हा मार्च ते जूनमध्यापर्यंत रोजच्या कप्प्यात सुतीच असाव्यात, याबद्दल मला शंका नाही.

पण सुती म्हणजे बाराही महिने उत्तम, हा समज बरोबर नाही. सुती कापड भिजलं की वाळायला वेळ लागतो. श्रावणात दमट हवेत ओलसर ब्लाउज घालून निघण्यापेक्षा सुती आणि पॉलिएस्टरचं मिश्रण बरं. म्हणून रोजच्या कप्प्यातल्या दहा-बारा साड्या वर्षभर त्याच असाव्यात असं नाही. होळीला आणि पाऊस सुरू झाला की, असं वर्षातून दोनदा कप्पा बदला. बाकीच्या तेवढा वेळ बॅगेत.

इस्त्रीच्या व्यापाचं मूळ खळीत आहे. कडक खळ दिली की ती साडी इस्त्रीशिवाय नेसताच येत नाही, शिवाय खळीनं विणीची छिद्रं भरतात आणि वारा कमी लागतो. उन्हाळ्यात खळीची गरजच नाही. बारीक सुताची मऊ साडी पाण्यातून काढून न पिळता झटकून, ताणून वाळत घातली आणि जरा दमट असताना घडी करून गादीखाली ठेवली तर रोजच्या नेसण्याला पुरेशी सरळ होते. नवी साडी घेताना दुकानात तिचं टोक मुठीत घट्ट धरून सोडून पाहा. सुरकुत्या फार उमटल्या तर ती रोजची नाही.

रंगाबद्दलही एक समज आहे, की काळा किंवा गडद रंग उन्हात घालूच नये. वाळवंटातले बेदुईन लोक काळे झगे का घालतात, याचा अभ्यास 1980 साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला होता. काळ्या झग्याचं कापड पांढऱ्यापेक्षा जास्त तापलं, पण अंगापर्यंत पोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच निघाली. झगा सैल होता, आत वारा खेळत होता, म्हणून कापडाची ऊब तिथल्या तिथे निघून जात होती. मुद्दा सैलपणाचा. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या बायका साडीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट चढवतात, तेव्हा ऊनही अडतं आणि बोंडाचे ओरखडेही चुकतात. शाळेत घट्ट गडद ब्लाउज मात्र टाळा.

थंडीचं मी थोडक्यात सांगतो. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक अंकी होतो, पण दुपारी ऊन चटकतं. दिवसभराची जाड लोकर इथे लागतच नाही. पहाटेला काढता येईल असा एक स्वेटर आणि एक शाल पुरते.

एक गोष्ट मनाला लागते ती लिहितो. काळ्या मातीतलं पांढरं सोनं म्हणून ज्या कापसाचा आपण अभिमान बाळगतो, तो पिकतो आपल्याच दारात. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल यांनी एके काळी इथल्या कापसाचं सूत कातलं, कापड विणलं. त्या गिरण्या बंद पडल्या. आज कापूस गाठींतून बाहेर जातो आणि अंगावर सिंथेटिक येतं. सरकारी कर्मचाऱ्यांनी आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी घालावी असं राज्य शासनानं डिसेंबर 2020मध्ये सुचवलं होतं. सरकारी नोकरी नसली तरी रोजच्या कप्प्यात दोन-तीन सुती हातमागाच्या साड्या असाव्यात असं मी आग्रहानं सांगेन.

प्रश्न : सगळं वेगळं केलं, पण ज्या खरंच नको आहेत त्यांचं काय करावं? बोहारीण आता आमच्या गल्लीत फिरकत नाही.

उत्तर : आधी कापड हातात घेऊन बघा. मऊ झालेली सुती साडी कधीही टाकू नका, तिची गोधडी होते. बाहेरून एक धड साडी आणि आत दोन-तीन जुन्या, एवढं भांडवल लागतं. सिंथेटिक साड्यांची गोधडी शिवता येते, पण ती घसरते, घाम शोषत नाही आणि उन्हाळ्यात अंगावर घेववत नाही. सिंथेटिकला दुसरे उपयोग आहेत. भाजीच्या पिशव्या, कूलरचं झाकण, वाळवणावरचं पांघरूण. शेतकऱ्यांना विचारा, ते आनंदानं घेतात. रानडुकरं आणि नीलगायी पिकात शिरू नयेत म्हणून बांधाभोवती दोरीसारख्या साड्या लावतात, आणि भडक रंगाची सुरती साडी तिथे फार दिवस टिकते.

नेसण्यासारख्या चांगल्या साड्या कोणाला द्यायच्या असतील तर ब्लाउज-परकरासकट, धुऊन, इस्त्री करून द्या. फॉल नसलेली, ब्लाउज नसलेली साडी दिली तर आपल्या कपाटातली अडचण आपण दुसऱ्याच्या घरी पोचवली एवढंच होतं. घरकामाच्या मावशींना देताना त्यांना आधी विचारा, कारण त्यांच्याही घरी आहेराच्या साड्या तुमच्याइतक्याच साठलेल्या असतात.

आणि सासूबाईंच्या किंवा आजीच्या काळातली जुनी जरीची साडी असेल, तर ती कोणालाही देण्याआधी, किंवा भांड्यांवर घालण्याआधी, तिची जर खरी आहे का ते तपासून घ्या. पूर्वीच्या चांगल्या साड्यांत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा दिलेली जर असायची. पदराच्या कडेचा एक धागा काढून ओळखीच्या सराफाला दाखवा. खरी निघाली तर वजनावर किंमत येते, आणि विकायची नसेल तर जर काढून नव्या कापडावर लावून देणारे कारागीर येवल्याकडे विचारल्यास मिळू शकतात.